शहराच्या मध्यभागातील पार्किंगचे नियम, तेथे काम करणारी माणसे आणि सर्वांचा प्रवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्किंगचे नियम मुळात कशासाठी आले?

मध्यवर्ती भागात रस्त्याच्या कडेची जागा थोडी आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक, या अडचणीतून हे नियम आले. जगातील पहिला पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे बसवण्यात आला. त्यामागे कार्ल मॅगी हे वृत्तपत्राचे संपादक होते आणि तेथील व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीचे काम त्यांच्याकडे होते. व्यापाऱ्यांची तक्रार अशी होती की, मध्यभागात नोकरीला येणारी माणसे सकाळी कडेला गाडी लावतात ती संध्याकाळीच काढतात, आणि त्यामुळे खरेदीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला दिवसभर जागा मिळत नाही. मीटरने तासाला ५ सेंट आकारायला सुरुवात केली आणि दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या कडेवरून हलल्या.

हा इतिहास सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, मीटर आणि वेळेची मर्यादा या दोन्ही गोष्टींचा पहिला हेतूच नोकरदाराची गाडी कडेवरून हटवण्याचा होता. तो हेतू चुकीचा नव्हता. परंतु गाडी हटवल्यानंतर तो नोकरदार कामावर कसा पोहोचणार, याचे उत्तर मीटरजवळ नसते. ते नियम करणाऱ्यांनी स्वतंत्रपणे द्यावे लागते. ज्या शहरांनी ते दिले नाही, तेथे नियमांचा सगळा भार निवडीला वाव नसलेल्या माणसांवर पडत गेला.

मध्यभागात काम करणाऱ्यांपैकी सर्वाधिक झळ कोणाला बसते?

कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याला सहसा इमारतीच्या तळघरात ठरलेली जागा मिळते आणि तिचे भाडे कंपनी भरते. त्याच इमारतीत पहाटे झाडलोट करणारी बाई, उपाहारगृहात रात्री उशिरापर्यंत भांडी घासणारा कामगार, सुरक्षारक्षक, रुग्णालयातील परिचारिका किंवा दुकानातील विक्रेता यांच्यासाठी अशी सोय क्वचितच असते. त्यांच्या कामाच्या वेळा बस किंवा रेल्वेच्या गर्दीच्या वेळांशी जुळत नाहीत. पहाटे चारला बस नसते आणि रात्री बारानंतरही नसते. घरे मध्यभागापासून लांब असतात, कारण जवळचे भाडे परवडत नाही. शिवाय अनेकांना एका दिवसात दोन ठिकाणी काम करायचे असते आणि दोन्हींमधील प्रवासासाठी अर्धा तासच हातात असतो.

नियम लिहिताना डोळ्यांसमोर बहुतेक वेळा सकाळी दहाला येऊन सहाला जाणारा कर्मचारी आणि तासाभरासाठी आलेले गिऱ्हाईक असते. त्यामुळे पाळीत काम करणाऱ्याच्या वाट्याला विचित्र परिस्थिती येते. मीटरची वेळ संध्याकाळी सहाला संपत असेल, तर दुपारी चारला कामावर येणाऱ्याला पहिले दोन तास गाडी ठेवायला जागा नसते, आणि सहानंतर मोफत झालेली जागा उपाहारगृहात जेवायला आलेल्यांनी आधीच भरलेली असते. सरकारी वाहनतळ रात्री दहाला कुलूपबंद होत असेल, तर अकराला सुटणाऱ्या कामगाराच्या तो काहीच उपयोगाचा नसतो. नियमाचा शब्द सर्वांना सारखाच लागू असतो, पण त्याचा काच घड्याळाप्रमाणे बदलतो.

सायकलने, बसने किंवा पायी येणारा कामगार तर पार्किंगच्या चर्चेत मोजलाच जात नाही. अनेक शहरांत सर्वांत कमी मिळकत असलेल्या कुटुंबांकडे मोटारच नसते. त्यांच्या दृष्टीने कडेला दुहेरी उभ्या केलेल्या गाड्यांमुळे अडलेली बस आणि पदपथावर चढवलेली चाके हाच पार्किंगचा प्रश्न असतो.

दोन तासांची मर्यादा असूनही लोक दिवसभर गाडी तिथेच ठेवतात. असे का होते?

कारण मर्यादा गाडीच्या एका जागेवरील मुक्कामाला असते आणि माणसाचे काम आठ तासांचे असते. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या सुट्टीत किंवा सहकाऱ्याला सांगून मिळवलेल्या पाच मिनिटांत खाली जाऊन गाडी पुढच्या गल्लीत लावायची, हा अनेक शहरांतील नोकरदारांचा नेहमीचा क्रम आहे. यात जागा मोकळी होत नाही, फक्त गाड्यांची अदलाबदल होते, रस्त्यावरची वर्दळ वाढते आणि ज्याला कामाची जागा सोडता येत नाही त्याला दंडाची पावती मिळते. यंत्रावर उभा असलेला कामगार किंवा रुग्णाजवळ बसलेली परिचारिका दर दोन तासांनी खाली जाऊ शकत नाही.

अंमलबजावणीही सोपी नाही. पूर्वापार पद्धत म्हणजे टायरवर खडूची खूण करायची आणि दोन तासांनी ती तशीच आहे का ते पाहायचे. अमेरिकेत २०१९ मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने मिशिगनमधील सॅगिनॉ शहराच्या प्रकरणात अशी खूण करणे ही राज्यघटनेच्या दृष्टीने झडतीच ठरते, असे म्हटले. २०२२ मध्ये नवव्या विभागाच्या न्यायालयाने सॅन डिएगोच्या प्रकरणात अशी खूण करणे घटनेला धरूनच आहे, असा उलट निर्णय दिला. कायद्याचा हा वाद बाजूला ठेवला, तरी वेळेची मर्यादा हे बोथट साधन आहे, हे मान्य करावे लागते. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटीने २००५ मध्ये ठराव करून जागेचा दर मागणीनुसार ठरवण्याचे धोरण स्वीकारले आणि मध्यभागातील वेळेची मर्यादा काढून टाकण्याचा मार्ग धरला. जास्त वेळ थांबणाऱ्याने मध्यापासून थोडे दूर, कमी दराच्या जागी गाडी लावावी आणि ती पुन्हा पुन्हा हलवण्याची त्याच्यावर वेळ येऊ नये, हा त्यामागचा विचार पाळीवर काम करणाऱ्यासाठी अधिक माणुसकीचा आहे.

मग सर्वांसाठी पार्किंग मोफतच का ठेवू नये?

मोफत जागेची किंमत कोणीतरी चुकवतच असतो. एका गाडीच्या उभे राहण्याला साधारण १२ ते १३ चौरस मीटर जागा लागते, आणि वाहनतळात ये-जा करण्याचा मार्ग धरला तर ती दर गाडीमागे २५ ते ३० चौरस मीटरपर्यंत जाते. मध्यभागातील इतकी जमीन फुकट दिली, की तिचा खर्च घरभाड्यात, वस्तूंच्या किमतीत आणि करात मिसळतो, आणि मग गाडी नसलेला माणूसही तो भरतो. दुसरे म्हणजे, फुकट जागा सर्वांत आधी येणाऱ्याला मिळते. दुपारच्या पाळीचा कामगार, डॉक्टरकडे सकाळी अकराची वेळ मिळालेली वृद्ध व्यक्ती किंवा मुलाला शाळेत सोडून मग कामावर येणारी आई या शर्यतीत नेहमीच मागे राहतात.

दर किती असावा, हे कसे ठरवतात?

या विषयावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत अनेक दशके अध्यापन केलेले डोनाल्ड शूप यांनी सर्वांत प्रभावी मांडणी केली. त्यांचे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: दर इतकाच ठेवावा की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा मोकळ्या राहतील, म्हणजे साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असतील, त्यातून आलेला पैसा त्याच परिसरात खर्च करावा, आणि प्रत्येक नव्या इमारतीत अमुक इतकी पार्किंगची जागा हवीच, ही सक्ती काढून टाकावी.

सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आजमावली. रस्त्यात बसवलेल्या संवेदकांवरून जागा किती भरल्या आहेत ते मोजून दर काही आठवड्यांनी दर थोडे वर किंवा खाली केले जात. वेळेची मर्यादाही बऱ्याच ठिकाणी चार तासांपर्यंत वाढवली किंवा काढून टाकली. अनेकांना भीती होती की, हा महसूल वाढवण्याचा मार्ग आहे. प्रत्यक्षात प्रयोगाच्या काळात मीटरचा सरासरी दर किंचित उतरला, कारण काही गल्ल्यांत दर वाढवावा लागला, तसा इतर अनेक ठिकाणी तो कमी करता आला. कामगाराच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब म्हणजे दोन-तीन गल्ल्या पलीकडे स्वस्त जागा कोठे आहे, हे नक्की कळू लागले. ज्या शहरांत सगळीकडे एकच दर असतो, तेथे ही सोय मिळत नाही. माणूस जागा शोधत फिरत राहतो आणि कामाला उशीर होतो.

शुल्क लावणे हा गरीब कामगारांवर अन्याय नाही का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. एकच दर दोन माणसांना वेगळा जाणवतो: एकाच्या तासाच्या मिळकतीचा तो क्षुल्लक भाग असतो, दुसऱ्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा. आठ तासांच्या पाळीसाठी तीन तासांची मजुरी पार्किंगवर जात असेल, तर त्या माणसाने ती नोकरीच सोडलेली बरी, आणि मध्यभागातील दुकानांना माणसे मिळत नाहीत त्यामागे हेही एक कारण असू शकते.

परंतु यावरचा उपाय जागा फुकट करणे हा नव्हे. फुकट जागा श्रीमंतालाही फुकट मिळते आणि त्याच्याकडे गाड्या जास्त असतात. सवलत जागेला जोडण्याऐवजी माणसाला जोडली, तर ती गरजूपर्यंत पोहोचते. न्यूयॉर्कमध्ये ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात येणाऱ्या वाहनांवर जे शुल्क लागू झाले, ते पार्किंगचे नसून प्रवेशाचे आहे, तरी त्यातील एक तरतूद येथे उपयोगी पडेल: कमी उत्पन्नाच्या नोंदणीकृत वाहनचालकाला महिन्यातील पहिल्या १० फेऱ्यांनंतर शुल्क निम्मे होते. पार्किंगमध्येही पगाराची पावती किंवा सरकारी साहाय्याचे ओळखपत्र दाखवणाऱ्याला, कडेऐवजी बहुमजली वाहनतळात, सवलतीची जागा देता येते. या तळांतील बऱ्याच जागा संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी रिकाम्या असतात. नेमक्या त्याच वेळी उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि दुकाने यांतील कामगार कामावर असतात. रिकामी जागा आणि गरज यांची ही गाठ घालून देण्यासाठी कोणताही नवा खर्च लागत नाही, आणि तरीही ती घातली जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

माझ्या मते न्यायाची कसोटी अशी असावी: नियम लागू केल्यावर सर्वांत कमी निवड असलेल्या कामगाराला कामावर पोहोचण्याचा एक तरी परवडणारा आणि सुरक्षित मार्ग उरतो का? उरत नसेल, तर दर कितीही शास्त्रशुद्ध असला तरी धोरण अपुरे आहे.

कंपनीने कर्मचाऱ्यांना मोफत जागा दिली, तर त्यात वाईट काय?

कर्मचाऱ्याला ती सुविधा वाटते. परंतु ती केवळ गाडी आणणाऱ्यालाच मिळते. बसने येणारा सहकारी तेच काम करून त्या लाभाला मुकतो. अमेरिकेत मालकाने दिलेल्या पार्किंगचे मूल्य ठरावीक मासिक मर्यादेपर्यंत करमुक्त असते, आणि कराचा दर ज्याचा जास्त त्याला या सवलतीचा फायदाही जास्त होतो. म्हणजे सर्वांच्या करातून अप्रत्यक्षपणे गाडीने येण्याला उत्तेजन मिळते.

कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये यावर एक साधा तोडगा कायद्यात घातला. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेला आणि भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा सवलतीत देणारा मालक असेल, तर जो कर्मचारी ती जागा घेणार नाही त्याला तेवढीच रक्कम रोख द्यावी. शूप यांनी असा पर्याय दिलेल्या आठ कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकट्याने गाडी चालवत येणाऱ्यांचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आल्याचे आढळले. कोणावरही बंदी घातली नव्हती. आधी फक्त गाडीवाल्याला मिळणारा लाभ आता सर्वांना मिळू लागला, एवढाच फरक होता.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराने २०१२ पासून वेगळी वाट धरली. तेथे कर्मचाऱ्यांसाठी ११ किंवा अधिक जागा असलेल्या मालकाकडून दर जागेमागे वार्षिक शुल्क घेतले जाते आणि ते शहराच्या ट्राम व सार्वजनिक वाहतुकीवर खर्च होते. दहा किंवा त्याहून कमी जागा असलेल्या लहान मालकांना आणि रुग्णसेवेच्या ठरावीक आस्थापनांना ते भरावे लागत नाही. मालक हे शुल्क कर्मचाऱ्यांकडून वसूल करू शकतो, ही त्यातील कच्ची बाजू आहे. तरीही पैसा थेट पर्यायी वाहतुकीत जातो, आणि दुसऱ्या कोणत्याही शहराने विचार करताना हीच गोष्ट प्रथम पाहावी.

मासिक पास चांगला की रोजचे शुल्क?

बहुतेकांसाठी रोजचे. महिन्याचे पैसे एकदा भरले की गाडी रोज आणणेच फायद्याचे वाटू लागते; आठवड्यातून दोन दिवस बसने जाण्याची इच्छा असलेल्यालाही त्यातून काही वाचत नाही. सिएटल येथील लहान मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयाने मासिक पास बंद करून रोजचा आकार सुरू केला आणि गाडी न आणणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या दिवसाचे पैसे दिले. ज्यांची पाळी कायमची आणि पर्याय अजिबात नाही, त्यांच्यासाठी मात्र सवलतीचा पास असावा.

रात्रपाळीच्या कामगारांसाठी वेगळे काही करायला हवे का?

होय, आणि ते आर्थिक सवलतीपेक्षा सुरक्षिततेसाठी अधिक आवश्यक आहे. स्वस्त वाहनतळ कामाच्या ठिकाणापासून वीस मिनिटांवर असेल, तर दुपारी ते अंतर चालण्याचे असते. मध्यरात्री, विशेषतः स्त्रियांना, ते भीतीचे होते. म्हणून जागा देताना दिवे, पदपथाची स्थिती, तळावर माणूस हजर आहे का आणि तळ रात्रभर उघडा राहतो का, यांची पाहणी रात्रीच करावी. दिवसा केलेल्या पाहणीत या गोष्टी दिसत नाहीत.

इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांच्या वाहनतळांवर रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना, वारंवार उपचारांसाठी यावे लागणाऱ्या बाह्यरुग्णांना, अपंग व्यक्तींना आणि रात्रभर मुलाजवळ थांबणाऱ्या आईवडिलांना मोफत जागा देण्याचे धोरण २०२० नंतर लागू झाले. कोविडच्या काळात सर्व कर्मचाऱ्यांना दिलेली सवलत मात्र ३१ मार्च २०२२ रोजी थांबली. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी रुग्णालयांतील पार्किंगचे शुल्क २००८ पासून टप्प्याटप्प्याने बंद केले. इंग्लंडची निवड मला अधिक विचारपूर्वक वाटते, कारण जागा मर्यादित असताना ज्यांना खरोखर पर्याय नाही त्यांना तिने नेमके ओळखले आहे.

अपंग व्यक्तींच्या राखीव जागांबाबत वाद का होतात?

राखीव जागा आवश्यक आहेत, याबद्दल वाद नसावा. वाद होतो तो सवलतीच्या स्वरूपाबद्दल. ब्रिटनमधील निळ्या ओळखपत्रावर इंग्लंडमध्ये, माल चढवण्या-उतरवण्यास मनाई नसेल तेथे, एरवी गाडी उभी करण्यास मनाई दर्शवणाऱ्या पिवळ्या रेषांवरही ३ तासांपर्यंत गाडी ठेवता येते; ऑगस्ट २०१९ पासून तेथे वरवर न दिसणाऱ्या अपंगत्वाचाही त्यात समावेश झाला. हा बदल योग्य होता, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाने ओळखपत्र वापरले म्हणून त्याला हटकणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

दुसरीकडे, ओळखपत्र असले की मीटर माफ आणि वेळेची मर्यादाही नाही, अशी तरतूद असली की ओळखपत्रांचा गैरवापर वाढतो, मध्यभागातील कडा दिवसभर अडतात आणि खरोखर चाकांच्या खुर्चीवरून आलेल्या माणसालाच जागा मिळत नाही. मिशिगन आणि इलिनॉय या राज्यांनी म्हणून दोन स्तर केले: जवळच्या राखीव जागेचा हक्क सर्व ओळखपत्रधारकांना, पण शुल्कमाफी केवळ ज्यांना शारीरिक कारणाने मीटर वापरता येत नाही त्यांना. जवळची जागा ही अपंगत्वाची गरज आहे आणि फुकट जागा ही उत्पन्नाची गरज आहे; या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की दोन्ही गरजूंना न्याय देता येतो.

न्यायालय, ग्रंथालय, सरकारी कार्यालय येथे येणाऱ्यांचे काय?

अशा ठिकाणी माणूस स्वतःच्या सोयीने वेळ निवडत नाही. न्यायालयात तारीख सकाळची असते आणि पुकारा दुपारनंतर होतो. सरकारी दाखल्यासाठी रांग किती लांब असेल ते आधी कळत नाही. तेथे एक तासाची मर्यादा ठेवणे म्हणजे नागरिकाला दंड आणि हक्क यांपैकी एकाची निवड करायला लावणे होय. त्या कार्यालयानेच भेटीच्या पावतीवर शिक्का मारून पार्किंगची वेळ वाढवून द्यावी, आणि साक्षीदार किंवा पंच म्हणून बोलावलेल्यांचा खर्च बोलावणाऱ्या यंत्रणेने उचलावा.

माल पोहोचवणारे आणि दुरुस्तीला येणारे कारागीर कोठे थांबणार?

हा प्रश्न दरवर्षी अधिक अवघड होत आहे, कारण घरपोच सामान मागवण्याचे प्रमाण वाढले आणि कडेची जागा तेवढीच राहिली. माल उतरवण्याची राखीव जागा खासगी गाड्यांनी भरलेली असली की टेम्पो रस्त्यातच उभा राहतो. दंड चालकाच्या नावाने निघतो आणि कित्येकदा त्याच्या मजुरीतून कापला जातो. पहाटेच्या आणि दुपारच्या वेळी त्या जागांवर कडक लक्ष ठेवणे, मोठ्या इमारतींना आवारातच माल उतरवण्याची सोय करायला लावणे, हे उपाय सोपे आहेत. नळ किंवा वीज दुरुस्त करणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो: त्याच्या गाडीतच त्याची हत्यारे असतात, त्यामुळे दूरचा तळ त्याच्या कामाचा नाही. त्याला दिवसापुरता, कामाच्या पत्त्याशी जोडलेला परवाना मिळाला पाहिजे.

पार्किंग कमी केले तर व्यापार बसतो, हे खरे आहे का?

सरसकट खरे नाही. झुरिकने १९९६ मध्ये मध्यभागातील पार्किंगच्या एकूण जागा १९९० च्या पातळीवर गोठवल्या. त्यानंतर नवा तळ बांधला की तेवढ्याच जागा रस्त्यावरून काढल्या जात आणि तेथे चालण्यासाठी मोकळी जागा होई. ऑस्लोने २०१९ पर्यंत मध्यभागातील रस्त्यांवरच्या सुमारे ७०० जागा काढल्या, परंतु अपंगांच्या आणि मालवाहतुकीच्या जागा ठेवल्या. दोन्ही शहरांत सार्वजनिक वाहतूक आधीच दणकट होती, ही अट मात्र विसरता येणार नाही. जेथे बसच धड येत नाही, तेथे आधी जागा काढून मग पर्यायाचा विचार करणे म्हणजे कामगारांना वाऱ्यावर सोडणे आहे.

रहिवाशांसाठीच राखीव असलेल्या गल्ल्या योग्य आहेत का?

मध्यभागाला लागून असलेल्या वस्त्यांतील लोकांना स्वतःच्या दाराशी गाडी लावता येत नाही, तेव्हा त्यांचा त्रास खरा असतो. पण दिवसा रहिवासीही कामावर गेलेले असतात आणि त्या गल्ल्या रिकाम्या पडतात. ठरावीक संख्येने दिवसाचे परवाने जवळच्या दुकानांतील आणि कार्यालयांतील कामगारांना माफक दरात विकले, तर कोणाचेच नुकसान होत नाही.

दंड किती असावा, आणि तो न भरल्यास काय व्हावे?

शिस्त लागण्यासाठी दंडाची रक्कम मोठी असण्यापेक्षा तो खात्रीने होणे अधिक परिणामकारक ठरते. मुदतीत न भरल्यास दंड दुप्पट करणे, गाडी उचलून नेणे आणि मग ठेवण्याचे दररोजचे भाडे आकारणे, ही साखळी हातावर पोट असलेल्या माणसाला काही आठवड्यांत बुडवते. गाडी गेली की कामावर जाता येत नाही आणि काम गेले की दंड भरता येत नाही. इलिनॉय राज्यात पार्किंगचे दंड थकले म्हणून वाहन चालवण्याचा परवाना स्थगित करण्याची पद्धत होती. ती २०२० मध्ये कायद्याने बंद झाली. हप्त्यांनी भरण्याची सोय, पहिल्या चुकीला समज आणि अग्निशमन, बसथांबा किंवा अपंगांची जागा अडवणाऱ्यालाच टोइंग, इतके कोणत्याही शहराला जमण्यासारखे आहे.

पैसे फक्त मोबाइलवरून भरण्याची सक्ती योग्य आहे का?

नाही. स्मार्टफोन किंवा बँकेचे कार्ड नसलेले, डोळ्यांनी अधू असलेले आणि वृद्ध नागरिक अशा सक्तीने मध्यभागाबाहेर ढकलले जातात. ॲप असावेच, त्यामुळे कामावरून न उठता वेळ वाढवता येते. पण त्याबरोबर रोख स्वीकारणारे यंत्र किंवा जवळच्या दुकानात पैसे भरण्याची सोय हवी.

शुल्कातून येणारा पैसा कोठे जातो, हे विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे का?

हक्क तर आहेच, आणि हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहराने १९९३ मध्ये आपल्या जुन्या बाजारपेठेत मीटर बसवले, तेव्हा व्यापाऱ्यांचा विरोध होता. उत्पन्न त्याच पेठेतील पदपथ, दिवे, झाडे आणि स्वच्छता यांवर खर्च होईल, असे ठरल्यावर विरोध मावळला आणि ओसाड पडलेला तो भाग पुन्हा गजबजला.

याच्या उलट उदाहरण शिकागोचे. त्या शहराने २००८ च्या अखेरीस आपले मीटर सुमारे १.१५ अब्ज डॉलरना ७५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीच्या हवाली केले. दर झपाट्याने वाढले, मिळालेली रक्कम शहराने काही वर्षांतच बहुतांश खर्च केली, आणि आता एखाद्या रस्त्यावर बसची मार्गिका किंवा सायकलमार्ग करण्यासाठी मीटर काढायचे झाले, तर कंपनीला भरपाईचा हिशेब द्यावा लागतो. पुढच्या तीन पिढ्यांच्या रस्त्यांवरचा निर्णयाधिकार एका अर्थसंकल्पाची तूट भरण्यासाठी दिला गेला, अशा शब्दांत मी त्याचे वर्णन करीन.

प्रत्येक नव्या इमारतीत पार्किंग बांधण्याची सक्ती कामगारांच्या हिताची नाही का?

दिसते तशी नाही. या सक्तीमुळे घरे आणि दुकाने महाग होतात आणि इमारती एकमेकींपासून दूर जातात. बफेलो आणि मेक्सिको सिटी या शहरांनी २०१७ मध्ये ती सक्ती काढली. जपानने तर १९६२ च्या कायद्यापासून जबाबदारी उलट बाजूला ठेवली आहे: गाडी घेणाऱ्यानेच घरापासून २ किलोमीटरच्या आत आपली जागा आहे, हे सिद्ध करायचे.

शहराने नवा नियम जाहीर केला आणि हरकती मागवल्या, तर काय लिहावे?

आपल्या गैरसोयीची तक्रार जरूर लिहावी, परंतु त्याबरोबर माहिती मागावी आणि द्यावी. नियम करण्यापूर्वी रात्री नऊनंतर आणि पहाटे सहापूर्वी जागा किती भरलेल्या असतात ते मोजले का. त्या परिसरात पाळीत काम करणारे किती आणि ते कोठून येतात, याची विचारणा मालकांकडे केली का. शेवटची बस किती वाजता सुटते आणि ती वेळ मीटरच्या वेळेशी ताडून पाहिली का. दंडाच्या पावत्या कोणत्या गल्लीत आणि कोणत्या वेळी सर्वाधिक निघतात. उत्पन्नाचा किती भाग त्याच भागात खर्च होणार आणि त्याचा हिशेब कधी प्रसिद्ध होणार, हे प्रश्न लेखी विचारावेत. सहकाऱ्यांच्या कामाच्या वेळा, येण्याचे साधन आणि घरापासूनचे अंतर यांचा नावे न देता केलेला एक साधा तक्ता हरकतीला जोडावा. शक्य असल्यास नियम सहा महिन्यांसाठी प्रायोगिक ठेवावा आणि मुदत संपल्यावर तो आपोआप रद्द व्हावा, फेरविचार करूनच तो पुढे चालू ठेवता यावा, अशी अट घालण्याची मागणी करावी. सुनावणी दुपारी तीन वाजता ठेवली असेल, तर पाळीतील कामगारांना येता यावे म्हणून संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी दुसरी सुनावणी घ्यावी, असे त्याच अर्जात नमूद करावे.